कापूस वऱ्हाडचा, भाव लिव्हरपूलचा

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे एकेकाळी कौतुकाने म्हटले जाई. आज अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम ही नावे निघाली की पहिल्यांदा आठवतात त्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्या. ही दोन चित्रे एकाच जमिनीची आहेत आणि त्यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचा कापसाचा व्यापार आहे. जगाला हवी असलेली वस्तू हा प्रदेश पिकवत आला आणि विकतही आला. गिऱ्हाईक नव्हते म्हणून तो मागे पडला, असे कोणालाच म्हणता येणार नाही. मग या व्यापारातून आलेली संपत्ती इथे का साचली नाही? याची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. पहिले म्हणजे इंग्रजांनी लुटले. दुसरे म्हणजे पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू आणि शेतकरी एकाच पिकाच्या मागे लागलेला. दोन्हींत तथ्य आहे, पण पहिले उत्तर १९४७ नंतरच्या वऱ्हाडापाशी येऊन अडते आणि दुसरे सगळा दोष आभाळावर व शेतकऱ्यावर टाकून मोकळे होते. या प्रस्तावनेत मांडायचे आहे ते असे : कच्च्या मालाच्या निर्यातीतून प्रदेशाला काय मिळते, हे किती माल विकला गेला यावर फारसे अवलंबून नसते. तो माल कोणत्या टप्प्यावर प्रदेशाबाहेर पडतो आणि भाव पडला की त्याचा भार कोणाच्या अंगावर येतो, या दोन गोष्टी ते ठरवतात. वऱ्हाडचा कापूस या दोन्ही कसोट्या फार स्वच्छ दाखवतो, म्हणून तो अभ्यासाचा विषय व्हायला हवा.

सुरुवात इंग्रजांपासून करण्याचे कारण नाही. वऱ्हाडची रुई त्यांच्या आधीही दूरवर जात होती. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर ती लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत आणि परतताना मीठ-मसाला आणत. मुंबईकडची वाट त्यामानाने उशिरा रुळली. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ मध्ये सुमारे पाचशे बैलांवर कापूस लादून मुंबईला धाडला, ती या दिशेच्या मोठ्या व्यापाराची सुरुवात मानली जाते. पण त्या काळी बाहेर जाणारा कापूस हा एकूण पिकाचा एक भाग होता. बराच कापूस गावातच पिंजला, कातला आणि विणला जाई. घरोघरी हाताच्या चरकीवर सरकी निघे, बायका सूत काढत आणि कोष्टी, साळी ते विणत. वाहतूक इतकी महाग आणि संथ होती की जवळपास वापरणेच परवडे. गावाला असे काही फार सुबत्तेचे दिवस होते, असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की एका बोंडामागे चार-पाच प्रकारच्या हातांना गावातच काम होते, आणि दूरच्या बाजारात भाव पडला तरी पिकाला जवळचे गिऱ्हाईक उरत असे. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, तेव्हा लॉर्ड डलहौसीच्या नजरेसमोर या प्रदेशाची काळी जमीन आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक दोन्ही होती.

ती भूक एकदम उघडी पडली १८६१ मध्ये. तोपर्यंत ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत होता. यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लिव्हरपूलच्या बाजारात भाव कडाडले. पुढची चार वर्षे हिंदुस्थानी कापसाला कित्येक पट किंमत मिळाली. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी या काळाविषयी सांगितल्या जातात. गोष्टीतली अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा खेळला, हे खरे. मात्र याच चार वर्षांत मुंबईत जे घडले ते शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. तिथे प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या हाताखाली बँका, वित्तकंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना उभ्या राहिल्या. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, १ जुलैच्या वायद्यांचे हिशेब कोणाला भागवता येईनात आणि शेअरबाजार कोसळला. पुढे खुद्द बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. पण शहर बुडाले नाही. व्यापाऱ्यांचे जाळे, बंदर, विमा, पेढ्या आणि धंद्याची माहिती मुंबईतच राहिली, आणि त्या पायावर पुढच्या काही दशकांत तिने कापडगिरण्यांचे शहर उभारले. वऱ्हाडात भाव खाली आल्यावर मागे उरला तो वाढलेला पेरा, आणि चढ्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज उचलले होते त्यांच्याकडे ते कर्ज. एकाच मालाची एकच तेजी आणि एकच मंदी दोन ठिकाणी इतकी वेगळी फळे देऊन गेली. हा फरक दैवाचा नव्हता. व्यापाराच्या कोणत्या पायरीवर कोण उभे होते, त्याचा तो होता.

तेजी ओसरली तरी तिने आणलेली यंत्रणा कायम राहिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि त्याच्या व नव्या कापूसबाजाराच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. बडनेऱ्याहून अमरावतीलाही असाच फाटा गेला. सुएझचा कालवा १८६९ चा आणि मुंबई-लंडन समुद्री तार १८७० ची. दोन वर्षांच्या आत वऱ्हाडची बाजारपेठ लिव्हरपूलच्या रोजच्या भावाला जोडली गेली. राली, व्होलकार्ट अशा युरोपीय पेढ्यांचे खरेदीदार थेट खामगावात येऊन बसले. या यंत्रणेचा हेतू काय होता, याबद्दल अंदाज बांधण्याची गरज नाही, कारण मध्यप्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नाक याने तो लिहूनच ठेवला आहे. या भागात रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग जो कापूस इथे सुतात खर्च होतो तो निर्यातीला मोकळा होईल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मिळतील, असा त्याचा सरळ हिशेब होता. तो बराचसा खराही ठरला. रेल्वेने कापूस बाहेर नेला, त्याबरोबरच गावातल्या कापसाचे गावातले गिऱ्हाईकही हटवले. विणकराचा मजूर झाला आणि पुढे निर्यातीच्या पिकावर त्याची मजुरी अवलंबून राहिली.

इथे पहिली कसोटी लागते : माल कोणत्या टप्प्यावर प्रदेश सोडतो? बोंडातून वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे एक तृतीयांश रुई आणि बाकीची सरकी असते. सरकीसकट कापूस मुंबईला नेणे म्हणजे दोन तृतीयांश भाडे फुकट घालवणे. म्हणून सरकी काढणे आणि रुईच्या गाठी बांधणे ही दोन कामे उत्पादनाच्या जागीच होणे भाग होते, आणि वऱ्हाडच्या प्रत्येक कापूसगावी जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. पण गाठ बांधून झाली की चित्र पालटते. रुईचे सूत होताना वजन फारसे घटत नाही, रुई नासत नाही आणि दाबलेली गाठ बोटीने जगात कुठेही जाऊ शकते. सूतगिरणी शेताजवळच असावी असे कापसाच्या स्वभावात काही नाही. उसाचे उलट आहे. तोडलेला ऊस काही तासांत गाळला नाही तर उतारा घटतो, आणि त्यातले बहुतेक वजन पाण्याचे व चिपाडाचे असते. त्यामुळे साखर कारखान्याला उसाजवळच जावे लागते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभारला, तेव्हा त्यांच्या कर्तृत्वाला पिकाच्या या गुणाची साथ होती. कारखाना गावात आला, त्यामागून रस्ते, शाळा, दवाखाने, बँका आणि राजकीय वजन आले. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी कष्टाळू आणि विदर्भातला आळशी, अशी जी शेरेबाजी अधूनमधून ऐकू येते तिला या साध्या भौतिक फरकापुढे फारसा अर्थ उरत नाही. कालव्याचे पाणी हा दुसरा मोठा फरक आहेच, पण पाणी दिले असते तरी कापूस गाठीच्या रूपातच बाहेर गेला असता.

यावर एक रास्त हरकत येते. गिरण्या आल्याच नाहीत, असे कुठे आहे? जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस, रेल्वे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे हे पाहूनच. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला, अचलपूर येथेही गिरण्या निघाल्या. हरकत खरी आहे आणि तिच्यामुळे मुद्दा अधिक नेमका होतो. कापूस गिरणीला शेताजवळ येण्याची सक्ती करत नाही, पण मनाईही करत नाही. म्हणून जिथे भांडवल, कोळसा आणि रेल्वे एकत्र आली तिथे गिरणी उभी राहिली आणि चांगली चाललीही. मात्र या गिरण्या पिकाच्या तुलनेत मोजक्याच राहिल्या. एम्प्रेस मिलचे भांडवल आणि मालकी मुंबईची होती, तिचा नफा पुढच्या उद्योगांत कुठे गुंतवायचा हे मुंबईतच ठरत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांपैकी बहुतेक गिरण्या आजारी पडल्या, पुढे बंद झाल्या आणि त्यांची जागा घेणारे काही मागे आले नाही. याउलट जिनिंग टिकले, कारण ते टिकणे वजनाच्या हिशेबानेच भाग होते. पण जिनिंग हे हंगामी काम आहे. चार-सहा महिने यंत्र चालते, कौशल्य बेताचे लागते, मजुरी कमी असते आणि त्यातून तंत्रज्ञ, रंगारी, यंत्रदुरुस्ती करणारे, नवे कारखानदार यांची साखळी तयार होत नाही. प्रदेशाच्या वाट्याला प्रक्रियेचा सर्वांत उथळ टप्पा आला.

बाहेरच्या मागणीने बियाण्यावरही आपली खूण ठेवली. वऱ्हाडात पूर्वी ‘बनी’ नावाचा तलम, लांब धाग्याचा कापूस नावाजलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा ‘जरी’ने घेतली. जरीचा धागा आखूड आणि जाडाभरडा, पण एकरी उतारा जास्त आणि त्यातून रुईही अधिक निघे. अडत्याच्या वजनकाट्यावर धाग्याच्या लांबीला फारसे मोल नव्हते, आणि बाजारात येईपर्यंत चांगला-वाईट कापूस एकत्र होत असल्याने चोख माल आणणाऱ्यालाही सरासरीचाच भाव मिळे. अशा बाजारात जरी पेरणारा शेतकरी शहाणपणानेच वागत होता. पण प्रत्येकाच्या शहाणपणाची बेरीज अशी झाली की वऱ्हाड आखूड धाग्याचा पुरवठादार ठरला. लँकेशायरला असला माल नकोसा होता, त्यामुळे तो मुख्यतः युरोपच्या मुख्य भूमीवर आणि पुढे जपानकडे वळला. गुणवत्तेची किंमत ज्याला मिळत नाही तो गुणवत्तेत पैसा घालत नाही, आणि कच्च्या मालाच्या प्रदेशात सुधारणा का रुजत नाहीत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे.

दुसरी कसोटी जोखमीची. पेरणीला पैसा जूनमध्ये लागतो आणि कापूस विकून तो येतो दिवाळीनंतर. मधले पाच-सहा महिने सावकार सांभाळतो. रयतवारीच्या बंदोबस्ताने जमीन शेतकऱ्याच्या नावावर आली, म्हणजेच ती गहाण टाकण्याजोगी झाली, आणि सारा रोखीत भरायचा असल्याने रोखीचे पीक घेणे ओघानेच आले. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडच्या लागवडीखालील जमिनीपैकी एक तृतीयांशाहून जास्त कापसाखाली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रेल्वे होती, बाजार होता, धान्य आणणारे व्यापारीही होते. नव्हती ती मजुराच्या हातात ते विकत घेण्याची ऐपत, कारण कापूस बुडाला की वेचणीची मजुरी बुडाली. व्यापारी आपली जोखीम वायद्यात उतरवू शकत होता, पेढीचा साठा दुसऱ्या देशात विकू शकत होता. शेतकऱ्याला भाव पाहून थांबायचीही सोय नव्हती. सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदाही आला. वजनमापे, दलाली, जागा यांना शिस्त लागली. पण बाजार समितीवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले, आणि व्यवहार कितीही सरळ झाला तरी भाव त्या आवाराच्या बाहेरच ठरत होता. तो किती बाहेर, हे १९३३ मध्ये दिसले. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरचे आयातशुल्क वाढवले. संरक्षण मिळाले ते इथल्या गिरण्यांना आणि सवलतीच्या दरामुळे लँकेशायरला. जपानच्या गिरण्यांनी प्रत्युत्तरादाखल हिंदी कापसावर बहिष्कार घातला. आखूड धाग्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते, तेव्हा भांडण कापडाचे असले तरी त्याची झळ कापूस पिकवणाऱ्याला बसली. जपानशी १९३४ मध्ये झालेल्या करारात जपानी कापडाचा कोटा कापसाच्या खरेदीला जोडून तडजोड झाली.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. अर्थशास्त्री म्हणेल की वऱ्हाडच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत कोरडवाहू कापसाइतके दुसरे कोणते पीक पैसे देत होते? व्यापार आला म्हणून अमरावती, अकोला, खामगाव ही शहरे वाढली. मजुरीचे दर शेजारच्या भागांपेक्षा चढे राहिले, बाहेरून माणसे कामाला आली, शाळा-महाविद्यालये निघाली. निर्यात नसती तर वऱ्हाड अधिक गरीब असते. हे मान्य करायलाच हवे. शेतकऱ्याला कापूस कोणी बंदुकीच्या धाकाने पेरायला लावला नव्हता, त्याने हिशेब करूनच तो पेरला. पण ‘निर्यात चांगली की वाईट’ हा प्रश्नच आपल्याला चुकीच्या वाटेला नेतो. आडपडदा न ठेवता विचारलेला खरा प्रश्न असा आहे की निर्यातीतून आलेल्या पैशाचे पुढे काय झाले. त्या पैशातून कर, व्याज, अडत आणि भाडे वजा जाता जे उरले ते पुन्हा जमिनीत, दागिन्यांत आणि सावकारीत गेले, कारण गुंतवायला दुसरी जागा जवळ नव्हती. वसाहतीच्या सरकारने लोहमार्ग बांधले ते बंदराकडे तोंड करून. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, लोकांनी लाडाने ‘शकुंतला’ म्हटलेली अरुंद रेल्वे एका ब्रिटिश कंपनीने कापसासाठी टाकली आणि स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी खासगीच राहिली. सिंचन मात्र उपेक्षितच राहिले. तुलनात्मक लाभाचा सिद्धांत आज काय पिकवावे ते सांगतो. उद्या आणखी काय करता यावे यासाठी आज काय उभारावे, हे तो सांगत नाही.

आणि स्वातंत्र्यानंतर? इंग्रज गेले, पण कापसाची वाट तीच राहिली. लिव्हरपूलच्या जागी मुंबई आणि कोईमतूर आले एवढेच. देशातल्या गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून निर्यातीवर कित्येक दशके निर्बंध होते. महाराष्ट्राने १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. शेतकऱ्याची जोखीम राज्याने उचलायची, हा तिचा मूळ विचार योग्य होता. पण राज्याने भावाची हमी दिली आणि बदल्यात शेतकऱ्याचे विक्रीचे स्वातंत्र्य काढून घेतले. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की कापूस चोरून तिकडे जाई आणि तिकडे भाव पडला की तिकडचा कापूस इथे येई. चुकारे रखडत, तोटा फुगत गेला. शेतकरी संघटनेने बाजार मोकळा करण्याची मागणी लावून धरली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळली गेली. बाजार मोकळा झाला तरी दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे हे दिल्लीतच ठरत राहिले. एप्रिल २०१० मध्ये निर्यात थांबवली गेली. २०११ च्या मार्चमध्ये जागतिक भावाने उच्चांक गाठला. मार्च २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि काही दिवसांत मागेही घेतली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर कापसावरचे ११ टक्के आयातशुल्कच काही महिन्यांसाठी उठवले गेले, तेही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. प्रत्येक निर्णयामागे वस्त्रोद्योगाच्या रोजगाराचे कारण दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण १९३३ आणि २०२५ शेजारी ठेवले की दिसते ते हेच की कापड करणाऱ्याचे हित आणि कापूस पिकवणाऱ्याचे हित यांत निवड करायची वेळ आली की पारडे कापडाकडे झुकते. यासाठी परकी सत्ता असावी लागत नाही. कापड करणारा एका जागी संघटित असतो आणि पिकवणारा लाखो बांधांवर विखुरलेला, एवढे पुरते. आणि जोवर कापड करणारा दुसऱ्या प्रदेशात राहतो, तोवर प्रदेशाच्या आत या दोन हितांची सांगड घालायची संधीच येत नाही.

याचा अर्थ कापूस पिकतो तिथेच कापड विणले पाहिजे असा हट्ट नाही. बांगलादेश नाममात्र कापूस पिकवतो, भारतातून रुई आणि सूत आयात करतो आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत जगात अग्रेसर देशांत गणला जातो. कच्चा माल जवळ असणे हे उद्योगासाठी पुरेसे नाही आणि आवश्यकही नाही, ही गोष्ट वऱ्हाडच्या इतिहासाइतकीच या उदाहरणावरूनही कळते. ‘इथे कापूस पिकतो, म्हणून इथे वस्त्रोद्योग येईल’ हे वाक्य दीडशे वर्षे ऐकू येत आहे आणि दर वेळी ते अपुरे पडले आहे. उद्योगाला कुशल हात, स्वस्त कर्ज, खात्रीची वीज, पाणी आणि एकमेकांच्या गरजा पुरवणारे शेकडो लहान कारखाने लागतात, आणि हे सारे निर्यातीच्या पैशातून मुद्दाम उभारावे लागते. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे केंद्राच्या ‘पीएम मित्र’ योजनेतील वस्त्रोद्यान २०२३ मध्ये मंजूर झाले, ते याच कसोटीवर पाहावे लागेल. तिथे किती कोटींची गुंतवणूक आली हा आकडा वर्तमानपत्रांत ठळक छापला जाईल. पाहायचे ते वेगळे आहे. तिथल्या सूतगिरण्या लांब धाग्याला आणि स्वच्छ वेचणीला वेगळा भाव देऊन स्थानिक कापूस घेतात का, तिथे तयार होणारे कारागीर पुढे स्वतःचे कारखाने काढतात का, आणि भाव कोसळेल त्या वर्षी त्याचा भार शेतकरी, जिनवाला, गिरणी आणि सरकार यांच्यात वाटला जातो का. या तीन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली, तर उद्यान वऱ्हाडच्या जमिनीवर असूनही वऱ्हाडचे नसेल.

कच्च्या मालाच्या निर्यातीला शाप म्हणणारे आणि वरदान म्हणणारे, दोघेही मालाकडे पाहतात. वऱ्हाडचा इतिहास व्यवस्थेकडे पाहायला शिकवतो. कापसाने या प्रदेशाला पैसा दिला, शहरे दिली, जगाशी नाते दिले. त्या पैशातून पुढची पायरी बांधण्याचे काम मात्र कापसाचे नव्हते. ते राज्यकर्त्यांचे, पतपेढ्यांचे, बाजार समित्यांचे आणि खुद्द कापूस उत्पादकांच्या संघटनांचे होते, आणि ते बहुतांशी झाले नाही. जे माणसांनी करायचे राहिले ते माणसांना अजूनही करता येते. म्हणूनच पुढील प्रकरणे वाचताना दर ठिकाणी कापसाचा भाव काय होता हे पाहण्याबरोबर तो ठरवताना टेबलाभोवती कोण बसले होते आणि कोण बसले नव्हते, याची नोंद वाचकाने ठेवावी.